टीईटी, लेकीची दहावी, आईंचा गुडघा आणि माझी पाचवीची सहा मुलं: यातलं काय बाजूला ठेवू?

वांगखोऱ्यातली शिक्षिका
१३ ऑक्टोबर २०२५, रात्री ११.१०

नमस्कार. इथं बरेच दिवस वाचतेय, लिहायची ही पहिलीच वेळ. लांबेल थोडं, सांभाळून घ्या.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत उपशिक्षिका आहे. पाटण तालुक्यात, ढेबेवाडीच्या वर डोंगरात. पहिली ते पाचवी, पट तेवीस, शिक्षक आम्ही दोघं. २००८ साली शिक्षणसेवक म्हणून लागले, महिना ३००० रुपये मानधनावर. तीन वर्षांनी कायम झाले. राहायला कराडला. सकाळी साडेआठची ढेबेवाडीची एसटी धरते, तिथून वर जायला वडापची जीप. संध्याकाळी घरात पाऊल टाकेपर्यंत पावणेसात होतात. माझं वय ४१.

१ सप्टेंबरचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल शिक्षकांना माहीत आहे, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ असलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांच्या आत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण व्हायचं, नाहीतर सेवेत राहता येणार नाही. आम्ही लागलो तेव्हा ही परीक्षाच नव्हती. महाराष्ट्रात पहिली टीईटी झाली डिसेंबर २०१३ मध्ये. मला अजून सतरा वर्षं नोकरी आहे आणि घराच्या कर्जाचे हप्ते अकरा वर्षांचे राहिलेत. निकाल बरोबर की चूक, यावर इथं वाद घालायला नको. मला पुढच्या चार महिन्यांचं विचारायचं आहे.

मी दर गुढीपाडव्याला एका वहीच्या शेवटच्या पानावर वर्षाची ध्येयं लिहिते. डी.एड.ला असताना आमच्या एका बाईंनी ही सवय लावली, ती सुटली नाही. यंदा मात्र १ सप्टेंबरच्या रात्री पाडव्याची ओळ खोडून नव्यानं पाच ओळी लिहिल्या. जशाच्या तशा देते:

टीईटी पेपर १, पहिल्याच वेळी ९० गुण.
लेकीला दहावीत ९० टक्के.
पाचवीच्या सहापैकी तीन मुलं शिष्यवृत्तीधारक.
आईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन, दिवाळी झाली की लगेच.
एम.ए. मराठीचं दुसरं वर्ष पूर्ण.

लिहिलं तेव्हा बरं वाटलं. दीड महिना झाला, आणि आता वही उघडायची भीती वाटते. २३ नोव्हेंबरला माझी परीक्षा. तेव्हाच सासूबाईंचं ऑपरेशन, पुढचे सहा आठवडे त्यांना धरून उठवायचं-बसवायचं. फेब्रुवारीत शिष्यवृत्ती परीक्षा, आणि २० फेब्रुवारीला लेकीची दहावी सुरू. वर मुक्त विद्यापीठाचे स्वाध्याय. निवडणुकीचं काम कधी लागेल याचा नेम नाही. मिस्टर तासवडे एमआयडीसीत एका कंपनीत आहेत, त्यांच्या पाळ्या बदलत्या.

मी हिशेब केला. पहाटे पावणेपाच ते सहा आणि रात्री साडेनऊ ते साडेदहा, एवढाच वेळ माझा. एसटीत बसायला मिळालं तर पन्नास मिनिटं आणखी. एवढ्या वेळात पाच कामं बसत नाहीत. कितीही वेळा मांडून बघितलं, बसत नाहीत.

आता खरा प्रश्न. केंद्र परिषदेत, शिक्षकांच्या ग्रुपवर, सगळीकडे एकच सल्ला मिळतोय: यंदा मुलांचं राहू द्या, आधी नोकरी वाचवा, शिष्यवृत्तीचे जादा तास बंद करा. सांगणारे वाईट नाहीत. तेही माझ्यासारखेच धास्तावलेत.

पण ही सहा मुलं कोण आहेत ते सांगते. चौघांचे वडील मुंबईला माथाडी कामगार. आमच्या तालुक्यात हे घरोघरी आहे. मुलं आजी-आजोबांकडे. त्यातली एक मुलगी पहिलीत आली तेव्हा वर्गात रडायची, कारण तिला आजीच्या कमरेला धरून झोपायची सवय होती. पाच वर्षं मीच तिला शिकवलंय. आज ती भागाकार तोंडी करते. गेल्या महिन्यात तिनं विचारलं, "बाई, शिष्यवृत्तीला नंबर लागला की माझं नाव मुंबईला कळतं का?" वडिलांना कळावं, एवढाच तिचा हेतू. या मुलीला मी कोणत्या तोंडानं सांगू, की यंदा बाईंचीच परीक्षा आहे म्हणून तुझा तास बंद?

पाचवीनंतर ही मुलं खाली हायस्कूलला जातील. मला त्यांच्यासाठी पुढचं वर्ष नाही. टीईटीला निदान दोन वर्षं आहेत.

ज्यांनी नोकरी आणि घर सांभाळून अशा परीक्षा दिल्यात, त्यांनी सांगावं. एखादं ध्येय खाली ठेवायचं म्हणजे नेमकं काय करायचं? आणि कोणतं ठेवायचं?

---

गोदाकाठचे गुरुजी
१४ ऑक्टोबर, सकाळी ६.२०

ताई, मी परभणी जिल्ह्यात आहे, २००६ पासून सेवेत. टीईटीचा पेपर १ मी स्वतःहून दिला होता. पहिल्या वेळी ८४ पडले, खुल्या प्रवर्गाला ९० लागतात, म्हणून राहिलो. गेल्या नोव्हेंबरात ९७ आले. तेव्हा अनुभवावरून सांगतो.

शिष्यवृत्तीचे तास बंद करू नका. भावनेपोटी म्हणत नाही, गुणांचा हिशेब सांगतो.

पेपर १ चे विभाग पाच, प्रत्येकी ३० गुण: बालविकास व अध्यापनशास्त्र, मराठी, इंग्रजी, गणित, परिसर अभ्यास. आता पाचवीच्या शिष्यवृत्तीचा पेपर १ समोर ठेवा. मराठी आणि गणित. विभाजक-विभाज्य, शेकडेवारी, नफा-तोटा, कोनांचे प्रकार, समानार्थी शब्द, म्हणी, उताऱ्यावरचे प्रश्न. टीईटीत हेच असतं, थोडं वरच्या पातळीचं. पहिल्या वेळी मी शाळा सुटल्यावर मुलांना गणित शिकवायचो आणि घरी येऊन टीईटीचं जाड पुस्तक उघडून तेच गणित पुन्हा करायचो. एकच काम दोनदा. दुसऱ्या वेळी शहाणा झालो. मुलांबरोबर वर्गात बसून, घड्याळ लावून, त्यांचाच पेपर सोडवायचो. त्यांना ७५ प्रश्नांना ९० मिनिटं. टीईटीत १५० प्रश्नांना १५० मिनिटं, म्हणजे मिनिटाला एक. म्हणून मी माझ्यासाठी ७५ मिनिटं लावायचो आणि उरलेल्या पंधरा मिनिटांत मुलांच्या मागं उभा राहून ती कुठं अडतात ते बघायचो.

बालमानसशास्त्राची भीती सगळ्यांनाच वाटते. नावं परकी आहेत, गोष्ट आपल्या वर्गातली आहे. तुमच्या द्विशिक्षकी शाळेत चौथीची पोर दुसरीच्या पोराला हातच्याची वजाबाकी समजावून देते ना? एकट्याला जमत नाही पण कुणी जरा हात दिला की जमतं, त्या पट्ट्याला वायगॉट्स्की या मानसशास्त्रज्ञानं निकट विकास क्षेत्र म्हटलंय. दुसरीच्या मुलाला मणी दिल्याशिवाय बेरीज कळत नाही, आणि उंच पेल्यातलं पाणी पसरट ताटलीत ओतलं की पहिलीचं पोर म्हणतं पाणी कमी झालं, ते पियाजे या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञानं सांगितलंय. मी प्रत्येक संकल्पनेपुढं माझ्या वर्गातल्या एका मुलाचं नाव लिहिलं होतं. परीक्षेत प्रश्न वाचला की ते पोर डोळ्यांपुढं यायचं.

९० साठी सगळं पाठ लागत नाही. मराठी २४, गणित २०, परिसर १८, बालविकास १६, इंग्रजी १५. झाले ९३. चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत, एकही गोळा मोकळा ठेवू नका.

आणि नोव्हेंबरचा ताण घेऊ नका. हा सराव समजा. मुदत ऑगस्ट २०२७ अखेरपर्यंत आहे.

---

सातपूरची गृहिणी
१४ ऑक्टोबर, दुपारी २.४५

मी शिक्षिका नाही, पण बावीस वर्षं पाळीवाल्या माणसाचं घर चालवलंय. तुम्ही तुमचे तास मोजलेत, मिस्टरांचे मोजले का? पहिल्या पाळीला ते साडेतीनला घरी, दुसरीला सकाळ सगळी मोकळी, तिसरीला दुपारी झोप झाली की संध्याकाळ. आमच्याकडे कालनिर्णयवर वर्षभर १, २, ३ असे आकडे लिहिलेले असतात आणि घरातली सगळी कामं त्या आकड्यांवर ठरतात. तुमच्या पाच ओळींत त्यांचं नाव कुठंच नाही. त्यांना काही सांगितलंय का तुम्ही?

---

निवृत्त केंद्रप्रमुख, संगमेश्वर
१४ ऑक्टोबर, रात्री ८.३०

बाई, आधी गोदाकाठच्या गुरुजींशी एक मतभेद. त्यांचं बाकी सगळं लाखमोलाचं, पण नोव्हेंबरला सराव समजू नका. टीईटी दरवर्षी होतेच असं नाही. नोव्हेंबर २०२१ ची झाली आणि त्यानंतरची थेट नोव्हेंबर २०२४ ला. मधली तीन वर्षं उमेदवार वाट बघत राहिले. आता गरज मोठी आहे म्हणून परीक्षा होतीलही, पण "दोन वर्षं आहेत" या वाक्यावर घराचं कर्ज टांगू नका. २३ नोव्हेंबर हीच खरी परीक्षा मानून बसा. नाही झालं तर पुढचं बघू. केंद्राची सीटीईटी हाही रस्ता आहे. त्यात भाषा म्हणून मराठी घेता येते, पण बाकीचे प्रश्न हिंदी-इंग्रजीत येतात, तेव्हा इंग्रजीची तयारी कुठंच वाया जात नाही.

आता तुमच्या वहीबद्दल. मी छत्तीस वर्षं शाळा पाहिल्या. शाळेच्या भेटीला गेलो की वार्षिक नियोजन मागायचो. चांगल्या शिक्षकाचं नियोजन मला लगेच ओळखू यायचं, त्यात खाडाखोड असायची. मुलं हातात आल्यावर बदललेलं ते नियोजन. तुमच्या यादीत खाडाखोड नाही. एका रात्रीत, घाबरलेल्या मनानं लिहिलेली ती यादी आहे. तिच्यापुढं इतकं दबून जायचं कारण नाही.

एम.ए. यंदा बाजूला ठेवा. त्यात दुःख आहे, मला कळतं, पण त्या ओळीची वाट बघणारं दुसरं कुणी नाही आणि विद्यापीठ कुठं जात नाही.

ऑपरेशनचं सांगतो. माझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मी मे महिन्यात ठरवलं, कारण मला सुट्टी होती. तिला विचारलं नाही. डॉक्टरांनी नंतर काही आठवडे धुळीत, गर्दीत जायला मनाई केली आणि तिची आषाढी हुकली. तिनं एका शब्दानं तक्रार केली नाही. पुढची आषाढी तिला मिळाली नाही. त्या ऑपरेशनची तारीख मी माझ्या सोयीनं लिहिली होती, हे मला आजही टोचतं. तुमच्या सासूबाईंचा गुडघा आहे. तारीख त्यांना विचारा.

शिष्यवृत्तीचे तास चालू ठेवा. फक्त "तीन धारक" ही ओळ बदला. धारक किती होणार ते जिल्ह्याच्या गुणवत्ता यादीवर अवलंबून. सहाही मुलं दोन्ही पेपरांत ४० टक्क्यांच्या वर, म्हणजे पात्र, हे तुमच्या हातातलं आहे. त्यातलं एखादं यादीत चढलं तर ते त्या पोराचं कर्तृत्व.

---

बाईंचा मुलगा
१५ ऑक्टोबर, रात्री १२.०५

माझी आईही प्राथमिक शिक्षिका. माझी दहावी २००७ ची. तेव्हा आमच्या घरात ९० हा आकडा देवघरातल्या समईसारखा सतत तेवत असायचा. कुणी ओरडायचं नाही. आई रोज रात्री माझ्या टेबलावर दूध ठेवायची आणि न बोलता जायची. मला ८३ पडले. आईनं पेढे वाटले, पण तिनं शेजारच्या काकूंना सांगताना "थोडक्यात गेले हो" असं म्हटलेलं मी जिन्यात उभा राहून ऐकलं. आज मी पुण्यात इमारतींचे नकाशे काढतो, बरं चाललंय, आईशी रोज बोलतो. तरी ते वाक्य अजून जिन्यातच उभं आहे.

ताई, बाकी सगळे आकडे तुम्ही लिहा. दुसरी ओळ तिची आहे. तिनं स्वतः काही ठरवलंय का ते एकदा विचारा. आणि विचाराल तेव्हा हातात वही नको.

---

वांगखोऱ्यातली शिक्षिका
१ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.४०

सगळ्यांना उशिरा उत्तर देतेय, त्याबद्दल क्षमा. दिवाळीत घर पाहुण्यांनी भरलं होतं. तुमचं सगळं मी एसटीत बसून दोन-तीनदा वाचलं. काय काय झालं ते सांगते.

सातपूरच्या ताई, तुमचा प्रश्न वाचून मी थेट उठून यांच्याकडे गेले. निकालाचं त्यांना बातम्यांतून माहीत होतं. मी आतून किती घाबरलेय ते मात्र मी कधी बोललेच नव्हते. मला वाटायचं, नोकरीचा विषय माझा, तो मी निस्तरायचा. पंधरा मिनिटं ते ऐकत बसले. मग त्यांनी स्वतःच भिंतीवरचं कॅलेंडर काढून त्यावर पाळ्या लिहिल्या. २७ ऑक्टोबरचा आठवडा तिसरी, मग पहिली, मग दुसरी, आणि १७ नोव्हेंबरच्या आठवड्यात, म्हणजे नेमकी परीक्षेच्या तोंडावर, पुन्हा तिसरी. दोन दिवसांनी घरी आल्यावर सांगितलं, "त्या आठवड्याची पाळी एका सहकाऱ्याशी बदलून घेतली. तो म्हणाला, वहिनींची परीक्षा आहे तर मी करतो." मी त्या सहकाऱ्याला एकदाच पाहिलंय, आमच्या वास्तुशांतीला. आता पहिल्या पाळीच्या आठवड्यात रात्रीचा स्वयंपाक यांचा. भाकरी येत नाही, पोळ्या विकत, कुकर आणि भाजी ते करतात. मला रात्रीचे साडेसात ते साडेदहा असे सलग तीन तास मिळतात. सतरा वर्षांत मला असे सलग तीन तास मिळाल्याचं आठवत नाही.

केंद्रप्रमुख साहेब, वसुबारसेच्या दिवशी आईंना विचारलं. मला वाटलं होतं, दुखणं एवढं आहे तर त्या लवकरच म्हणतील. त्या म्हणाल्या, "मला तर मार्गशीर्षातच करायचं होतं. तुम्ही दिवाळीनंतर म्हणालात म्हणून गप्प बसले. माझी लेक मार्गशीर्षात मोकळी होते, ती पंधरा दिवस येते म्हणालीय." म्हणजे नणंदेशी त्यांचं आधीच बोलणं झालं होतं. मला पत्ता नव्हता. डॉक्टरांना फोन केला, तीन आठवड्यांनी काही बिघडत नाही म्हणाले. आता डिसेंबरचा पहिला आठवडा ठरलाय. तुमच्या आईंची गोष्ट मी यांना वाचून दाखवली. आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नाही.

एम.ए.ची पुस्तकं कपाटात वरच्या फळीवर ठेवली. ठेवताना वाईट वाटलं. संतसाहित्याचा पेपर अर्धा वाचून झाला होता. पण आता रोज ती डोळ्यांपुढं नाहीत, त्यानं हलकं वाटतंय हेही खरं.

लेकीचं लिहायला मला जड जातंय. दिवाळीच्या पाडव्याला दुपारी दोघी भांडी घासत होतो तेव्हा विचारलं, तू दहावीचं काय ठरवलंयस. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "माझ्या कपाटाच्या दाराला आतून लिहिलंय की." मी जाऊन बघितलं. पेन्सिलनं, बारीक अक्षरात: ८६. खाली विषयवार गुण, आणि त्याखाली "शासकीय तंत्रनिकेतन, कराड". तिला डिप्लोमा करायचाय. तिनं मागच्या वर्षीचे प्रवेशाचे आकडे मैत्रिणीच्या भावाकडून आणून हा ८६ काढला होता. जून महिन्यापासून ते तिथं लिहिलेलं आहे. तिचे धुतलेले कपडे मी रोज त्याच कपाटात ठेवते, पण दार पूर्ण उघडून आतली बाजू कधी बघितली नव्हती.

मी तिला विचारलं, माझ्याकडून काय हवंय. तिनं दोनच गोष्टी सांगितल्या. भूमितीचं प्रमेय म्हणून दाखवताना समोर बसायचं, मध्ये बोलायचं नाही. आणि आत्याकडे, मावशीकडे तिच्या टक्क्यांचा विषय काढायचा नाही. वहीतली दुसरी ओळ मी तिच्यासमोर खोडली. बाईंच्या मुला, तुझं ते जिन्यातलं वाक्य माझ्या तोंडून येत्या जूनमध्ये नक्की गेलं असतं. तू वेळेत सांगितलंस.

आता शाळा. सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी, गुरुजी, तुमच्या पद्धतीनं बसले. सहा मुलं आणि मी, सतरंजीवर, मध्ये एक घड्याळ. त्यांना ९० मिनिटं, मला ७५. मुलांना आधी पटेचना की बाईही पेपर सोडवणार. दहा मिनिटांत वर्गात जी शांतता पसरली, तशी मी इतक्या वर्षांत कधी अनुभवली नव्हती. पहिली ते चौथीला सहकारी सरांनी पलीकडच्या खोलीत सांभाळलं.

माझे ७५ पैकी ६९ बरोबर आले. सहा चुकले त्यातले चार गणितात, आणि त्यातले दोन घाईनं. तपासायला मी पेपर आपसांत बदलायला लावले, माझा त्या मुलीकडे गेला. तिनं लाल पेनानं गोल करून समासात लिहिलं: "हातचा विसरला." हे वाक्य मी तिच्या वहीत दुसरीत असताना लिहायचे. तिचे स्वतःचे ४७ बरोबर होते. सहापैकी पाच जण ४० टक्क्यांच्या पुढं, एकजण २६ वर अडकलाय. त्याचं उताऱ्याचं वाचन मंद आहे, गणित त्याला येतं. त्याच्यासाठी मी रोज मधल्या सुट्टीत एक उतारा मोठ्यानं वाचून घेणार आहे.

सुट्टीतही दोन सकाळी वर गेले. दिवाळीमुळं मुंबईचे पालक गावात होते. त्या मुलीचे वडील शाळेच्या पायरीवर येऊन बसले होते, पेपर संपेपर्यंत. वाशीच्या बाजारात पाठीवर ओझी वाहणारा माणूस, वर्गात यायला संकोचत होता. मी पेपर त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "यात लाल किती आणि बरोबर किती, ते एवढं सांगा बाई." मी सांगितलं. त्यांनी पेपर घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला आणि परत मुंबईला जाताना घेऊन गेले. माझ्या तिसऱ्या ओळीचं काम माझ्यापुरतं तिथंच अर्धं झालं. वहीत आता "सहाही पात्र" असं लिहिलंय.

टीईटीची तयारी म्हणाल तर मराठी आणि गणिताची भीती गेली. बालविकासाला तुमच्यासारखी नावं लिहिली, सतरा मुलांची नावं आतापर्यंत कामाला आलीत. इंग्रजी अजून कच्चं आहे, रोज एक उतारा आणि वीस शब्द करतेय. साहेब, नोव्हेंबरला खरीच परीक्षा मानलीय, केंद्र साताऱ्याला असलं तर पहाटे हेच सोडायला येणार आहेत.

गुरुजी, एकच विचारायचं राहिलं. परिसर अभ्यासासाठी तिसरी ते पाचवीची पुस्तकं पुरेशी होतात, की सहावी ते आठवीचा भूगोलही वाचू? बावीस दिवस राहिलेत. आठवीपर्यंतचं वाचायचं तर उद्यापासूनच एसटीत सुरू करावं लागेल. आज रात्री उत्तर दिलंत तर पुस्तकं सकाळी पिशवीत टाकीन.